रेफरन्स मागायचा कधी आणि कसा?

प्रश्न : आम्ही पुण्यात कर्वेनगर-कोथरूड भागात घरांची पूर्ण सफाई, सोफा आणि बाथरूम सफाई अशी कामं घेतो. आम्ही नवरा-बायको आणि तीन कामगार. ग्राहक तोंडावर कौतुक करतात, पण त्यांच्या ओळखीतून पुढची कामं येत नाहीत. ‘मित्राला सांगा, 200 रुपये सूट मिळवा’ अशी कार्डं छापली, वर्षभरात जेमतेम चार परत आली. काय चुकतंय?
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : कार्डं रद्दीत गेली असणार. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारतं, ‘चांगले सफाईवाले आहेत का कुणाच्या माहितीत?’ तुमच्या ग्राहकाने तेव्हा दोन मिनिटांत उत्तर दिलं तर काम तुमचं, नाही तर जो आधी नंबर टाकेल त्याचं. त्या दोन मिनिटांत तुमचा नंबर सापडायला हवा, दर माहीत असायला हवा आणि उद्या शेजारी आपल्याला बोल लावणार नाही याची खात्री हवी. शेजाऱ्याला तुमचं नाव सांगताना तो आपला शब्द टाकत असतो. 200 रुपयांसाठी कुणी शब्द टाकत नाही. उलट, ‘तुम्हाला यात काही मिळतं का?’ असं शेजाऱ्याने विचारलं तर ओशाळायला होतं, म्हणून तो गप्प बसतो.

आधी नंबराचं बघू. बहुतेक घरांत तुम्ही ‘सफाईवाला 2’ या नावाने सेव्ह असता. काम ठरतानाच स्वतःचं कॉन्टॅक्ट पाठवा. नावात धंद्याचं नाव, ‘सफाई’ आणि ‘कोथरूड’ हे तिन्ही शब्द ठेवा, म्हणजे काहीही टाइप केलं तरी सापडेल. दुसरा फायदा असा, की व्हॉट्सॲपचा ब्रॉडकास्ट मेसेज फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो. शिवाय आरओवाले लावतात तसा छोटा स्टिकर, विचारून, सिंकखालच्या कपाटाच्या दाराला आतून लावा. त्यावर सफाईची तारीख पेनाने लिहा.

आता वेळ. पैसे घेताना रेफरन्स मागू नका. तेव्हा समोरचा हिशेबात असतो. काम संपल्यावर घर फिरवून दाखवताना ग्राहक ओट्यामागच्या टाइलवर बोट फिरवून ‘छान निघालं हो’ म्हणतो, तेव्हासुद्धा घाई नको. नुसतं विचारा, ‘काही राहिलंय का?’ मागणी तिसऱ्या दिवशी. सोफा पंख्याखाली वाळायला साधारण चार ते सहा तास लागतात, पावसाळ्यात त्याहून बरेच जास्त. ओल राहिली तर कुबट वास दुसऱ्या दिवशी येतो. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग नळावर किती लवकर उमटतात, तेही दोन-तीन दिवसांत कळतं. म्हणून तिसऱ्या दिवशी मेसेज करा : ‘सोफा नीट वाळला ना? वास वगैरे नाही ना?’ तक्रार असेल तर आधी ती मिटवा. ‘सगळं उत्तम’ असं उत्तर आलं, तरच लगेच पुढे पाठवता येईल असा मजकूर द्या :

‘आमच्याकडे यांनी सफाई केली. 2 बीएचके, तीन माणसं, सहा तास, 4,500 रुपये. मशीन आणि सामान त्यांचंच. नंबर : …’

आकडे अर्थातच तुमचे घाला, पण घाला. ‘दर घर पाहून सांगू’ असं लिहिलं की शेजारी पुढे विचारतच नाही. मजकूर ग्राहकाच्या तोंडी शोभेल असा हवा. ‘सर्वोत्तम सेवा, आजच संपर्क साधा’ असलं जाहिरातीचं बाड कुणी आपल्या नावाने पाठवत नाही. आणि त्याच्याकडे शेजाऱ्यांचे नंबर मागू नका; मेसेज त्यालाच पाठवू द्या.

बक्षीस द्यायचंच, तर पैशांऐवजी काम द्या. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन उतरवून, गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने धुवून परत बसवायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ आणि थोडं सामान लागतं; ग्राहकाला मात्र ती मोठी कटकट वाटते. समजा 4,500 च्या कामात मजुरी, सामान आणि वाहतूक जाऊन 1,300 उरतात, तर बक्षिसाचा खर्च 200-250 च्या वर जाऊ देऊ नका. त्याच इमारतीत दोन घरं एकाच दिवशी मिळाली तर टेंपोची एक फेरी वाचते, ती सूट दोघांत वाटून टाका. अशी सूट उघडपणे सांगायला कुणाला संकोच वाटत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो नोंदीत. प्रत्येक नव्या फोनला पहिला प्रश्न, ‘आमचा नंबर कुणाकडून मिळाला?’ वहीत तारीख, नवा ग्राहक, कुणी सांगितलं, बक्षीस दिलं की नाही, हे चार रकाने पुरेत. नव्या घरचं काम झालं की दोन दिवसांत जुन्या ग्राहकाला फोन करून आभार माना. एकदा विसरलात की तो पुन्हा नाव घेणार नाही, आणि तसं बोलूनही दाखवणार नाही.

शेवटी हंगाम. घट बसण्याआधी आणि दिवाळीच्या तोंडावर फोन आपसूक येतात, तेव्हा रेफरन्स मागून उपयोग नाही. नाक्यावरून आयत्या वेळी आणलेल्या माणसांनी काम बिघडवलं तर हाती असलेली नावंही जातात. त्या दिवसांत आठवड्याची एक जागा रेफरन्सवाल्यांसाठी राखून ठेवा, बाकीच्यांना सरळ ‘तारखा भरल्या’ म्हणा. मागणी करायची ती दिवाळीनंतर, हात रिकामे असताना.

प्रश्न : आमच्या कामगाराने बाथरूमचं ॲसिड क्लीनर संगमरवरी उंबऱ्यावर सांडलं. चकाकी गेली. बाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. आता त्या इमारतीतलं काम संपलं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : संपलेलं नाही, पण ग्रुपवर वाद घातलात तर संपेल. त्याच दिवशी जाऊन पाहा आणि ग्रुपवर बाईंना एवढंच लिहायला सांगा, की ‘ते येऊन गेले, दुरुस्ती करून देत आहेत.’ तो डाग नाही. ॲसिडने दगडाचा वरचा थर खाल्ला आहे. घासून तो जाणार नाही, पॉलिशवाल्यालाच बोलवावं लागेल, खर्च तुमचा. दुरुस्तीनंतरचा फोटो त्याच ग्रुपवर त्यांनी टाकला, तर तीच तुमची सर्वात मोठी शिफारस.

संगमरवर, कोटा, शहाबादी, कडप्पा हे सगळे चुन्याचे दगड, त्यांच्याजवळ ॲसिड नको. ॲसिड आणि ब्लीच एकत्र तर कधीच नको, विषारी क्लोरीन वायू निघतो. आणि काम सुरू करण्याआधी जुन्या ओरखड्यांचे फोटो काढून ग्राहकाला तिथेच दाखवा.

प्रश्न : सेक्रेटरी म्हणतात, ‘सगळी कामं मिळवून देतो, दर घरामागे 300 द्या.’ द्यावेत का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : नको. सभासदांना कळलं की सेक्रेटरी तोंडघशी पडतील आणि तुम्हाला गेटवरून आत सोडणार नाहीत. त्याऐवजी सोसायटीच्या नावे लेखी प्रस्ताव द्या : दहा घरं एकत्र मिळाली तर लॉबीची फरशी एकदा मशीनने मोफत. नोटीस बोर्डावर लावता येईल असंच काहीही द्या.

प्रश्न : गुगलवर पाच तारे देणाऱ्याला सूट द्यावी का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अभिप्रायाच्या बदल्यात पैसे किंवा सूट देणं गुगलच्या नियमांत बसत नाही; असे अभिप्राय काढून टाकले जाऊ शकतात. ओळखीतून काम आणणाऱ्याला काही देणं ही गोष्ट वेगळी, दोन्हीची गल्लत करू नका. बिझनेस प्रोफाइलमधून अभिप्रायाची लिंक घ्या आणि तिसऱ्या दिवशीच्या मेसेजनंतर पाठवा. ‘छान काम’पेक्षा ‘इंदिरानगरात 3 बीएचके, चिमणी आणि दोन बाथरूम’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला आपल्या घराचा अंदाज येतो. तेवढं सुचवायला हरकत नाही. घराचे आधी-नंतरचे फोटो लावणार असाल तर परवानगी मेसेजवर घ्या, आणि देवघर, दारावरची पाटी, घरच्यांचे फोटो चौकटीत येऊ देऊ नका.