कपाट उपसायच्या आधी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाला. दार गुडघ्याने रेटून लावावं लागतं असं लिहिलंयस, ते दिसतंच आहे. काय ठेवू आणि काय काढू, असा तुझा प्रश्न. ते सांगतेच. पण काढलेले कपडे जाणार कुठे, ते आधी ठरव. तोवर कपाटाला हात लावू नकोस.

शिलाईच्या निमित्ताने माझं बऱ्याच घरांत जाणं-येणं असतं. बहुतेक ठिकाणी एकच प्रकार. एखाद्या रविवारी सगळं पलंगावर उपसलं जातं, संध्याकाळपर्यंत तीन-चार पिशव्या भरतात आणि त्या माळ्यावर चढतात, नाहीतर गाडीच्या डिकीत पडून राहतात. दिवाळीच्या साफसफाईत पुन्हा खाली येतात. मग ‘अगं, हा चांगला आहे की!’ म्हणत त्यातलं निम्मं परत कपाटात. कोणता कपडा कोणाला द्यायचा हे ठाऊक नसलं की हात अडतो, आणि एकदा अडला की माणूस सगळंच ठेवून घेतो.

तुमच्या सोसायटीत बोहारणीला आत सोडतात का? वॉचमन अडवत असेल तर त्याला सांगून ठेव. ती आली की पातेल्यासाठी घासाघीस करण्यापेक्षा ती कपडा कसा पारखते ते बघ. पँट हातात घेतली की आधी उलटी करते, बैठकीचा भाग उजेडासमोर धरते, चेन वरखाली करून पाहते. शर्टाची कॉलर मागच्या बाजूने चाचपते. साडी कधी पूर्ण उलगडत नाही. घडीवर दोन बोटांची चिमूट धरून किंचित ताणते. विरलेली असेल तर तिथेच कळतं. तिला तो कपडा धुऊन, टाके घालून पुढे विकायचा असतो, त्यामुळे तो अजून किती दिवस अंगावर टिकेल एवढंच तिला बघायचं असतं. तो गोव्याच्या ट्रिपला घेतला होता की पहिल्या पगारातून, याच्याशी तिला कर्तव्य नाही. तुझ्या निम्म्या कपड्यांचा निकाल तू याच नजरेने लाव. आठवणी नंतर.

बोहारीण फाटकं घेत नाही. धड, सुती, पण तुला नको असलेलं बरंच काही निघेल: चादरी, पंजाबी ड्रेस, नवऱ्याचे शर्ट. त्यासाठी गूंज ही संस्था आहे, १९९९ साली दिल्लीत सुरू झालेली. गावकऱ्यांनी आपल्याच गावातलं विहिरीचं, रस्त्याचं, बांधाचं काम करायचं आणि मोबदल्यात कपडे घ्यायचे अशी त्यांची रीत. घेणाऱ्याला दान घेतल्याची टोचणी राहत नाही, म्हणून मला ती आवडते. जुन्या सुती कापडापासून ते पाळीच्या घड्याही करतात, तेव्हा वापरून मऊ पडलेली चादरसुद्धा त्यांच्या कामाची. मात्र धुऊन, वाळवून, घडी घालून दे. आपल्याकडे पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्थाही जुने कपडे गोळा करते. तुझ्या भागात कधी, ते विचारून ठेव. माणुसकीच्या भिंतीचं म्हणशील, म्हणजे नको ते अडकवून जायचं आणि हवं त्याने न्यायचं, तर कल्पना चांगली, पण पावसात भिजून कुबट वास मारणारे ढीग मी तिथे पाहिलेत. न्यायचंच तर खुंटीला अडकवण्याजोगं एखाद-दुसरं ने. गाठोडं टाकून येऊ नकोस.

जुन्या सुती साड्या गोधडीला. गोधडी शिवून देणाऱ्या बायका अजून आहेत आणि त्यांना काम हवंच असतं. बाहेरून दोन मऊ साड्या, आत पंचे, धोतरं, चादरी. एखादी सगळ्यात मऊ साडी बाजूला ठेव, कुणाच्या तरी बाळाच्या दुपट्यांना लागते. कुणाच्या तरी म्हटलंय, लगेच आईला फोन करून ‘काकूसुद्धा आता सुरू झाल्या’ म्हणू नकोस.

अवघड जाईल ते तुझ्या ऑनलाइन सेलमधल्या कुर्त्यांचं. पॉलिस्टरचं फडकंही होत नाही. ओट्यावरचं पाणी ते टिपत नाही, नुसतं पुढे सरकवतं. गोधडीत ते आतल्या आत गोळा होतं आणि पांघरलं की उकडतं. पानिपतला परदेशातून आलेले जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून त्यांचं सूत काढतात आणि स्वस्त ब्लँकेटं विणतात, तो धंदा मोठा आहे. पण तुझ्या कुर्त्यात पॉलिस्टर, व्हिस्कोस आणि ताणलं जाणारं इलॅस्टेन असं तिन्ही एकत्र असतं, ते परत सुटं करणं सोपं नाही. तेव्हा असा कुर्ता धड आहे तोवरच दुसऱ्याच्या अंगावर गेला पाहिजे. बोहारणीला दे, नाहीतर कामाच्या मावशींना विचार. विचार, बरं का, हातात कोंबू नकोस. चार घरांतलं जुनं येऊन येऊन त्यांच्याही घरात दार न लागणारं कपाट असतं.

एवढं झालं की मग कपाट उघड. सध्या पितृपक्ष आहे, नवी खरेदी तशीही होत नाही, वेळ चांगली आहे.

सुरुवात ‘घरी घालायला’ या खणापासून कर. आपल्या घरांत कपडा संपतच नाही. बाहेरचा विटला की घरी घालायला, तिथून होळीला, ट्रेकला, भिंती रंगवायच्या दिवशी. होळी वर्षातून एकदा येते आणि तुझ्याकडे होळीचे डझनभर टीशर्ट असतील, त्यातले निम्मे कंपनीने वाटलेले. कुरिअरवाला आला तर ओढणी शोधायला पळावं लागणार नाही असे चार-पाच जोड घरात पुरतात. मशीन तर एक दिवसाआड लागतं. लेगिंग्जचं इलॅस्टिक एकदा सुटलं की माझ्यासकट कुणालाही ते परत आणता येत नाही. त्या धरून ठेवण्यात हशील नाही.

जीन्सचं लांबण लावत नाही. ‘बारीक झाल्यावर’ घालायची एक ठेव. एकच.

आता ब्लाऊज. इथे मी जरा रेंगाळणार. होत नाही म्हणून कोपऱ्यात सारलेला प्रत्येक ब्लाऊज उलटा कर आणि बाजूच्या शिवणी बघ. शिवणारीने जीव लावून शिवला असेल तर आत इंचभर तरी माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड, सोडलेली दिसेल आणि दोन-तीन शिवणी शेजारी शेजारी मारलेल्या असतील. पाव इंचाच्या अंतरावरची एकेक शिवण दोन्ही बाजूंना उसवली की छातीला सगळा मिळून इंच मिळतो, दोन-दोन उसवल्या की दोन. लग्नानंतर तुझं वाढलेलं माप त्यात सहज बसेल, आरशासमोर रडायचं काही कारण नाही. बाहीसुद्धा बघ. छातीला सैल झाला आणि दंडात रुतला तर काय उपयोग? दंडाला माया नसेल आणि साडीतलं कापड उरलं असेल, तर काखेत ठिगळासारखा चौकोनी तुकडा घालून देते, हात खाली असला की दिसतही नाही. ब्रोकेड असेल तर मात्र जुन्या शिवणीची भोकं राहतात आणि आतलं दबलेलं कापड गडद दिसतं. एक बाजू पदराखाली जाते, दुसरी दिसते. चालत असेल तर सांग. माया नाही आणि कापडही उरलेलं नाही, असा ब्लाऊज कितीही सुंदर असला तरी संपला. हूक आणि लटकन काढून घे, बाकी जाऊ दे.

ब्लाऊज नाही एवढ्याच कारणाने पडून असलेल्या साड्याही बऱ्याच निघतील. प्रत्येकीला मॅचिंग शिवायला मॅचिंग सेंटरच्या पायऱ्या झिजवू नकोस. काळा, मरून आणि सोनेरी, असे तीन नेमक्या मापाचे ब्लाऊज असले की बहुतेक साड्या निभावतात. हे सांगून मी माझंच गिऱ्हाईक घालवतेय. फॉल-पिको न केलेल्या साड्या वेगळ्या काढ. दोन वर्षांत फॉल लावायला टाकली नाहीस ती साडी तुला नेसायचीच नाहीये.

लग्नातली पैठणी ठेवायची, त्यात विचारायचं काय! पण ती लोखंडी हँगरवरून आजच उतरव. गंजाचा डाग पडतो आणि जरीच्या वजनाने रेशीम घडीवर ओढलं जातं. प्लॅस्टिकच्या चेनवाल्या कव्हरातूनही काढ, त्यात दमट हवा कोंडते. जुनं मऊ मलमल किंवा पांढरं सुती धोतर असेल त्यात गुंडाळ, डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नकोस आणि नेसल्यावर अत्तर उडवू नकोस, जरीची तार काळी पडते. वर्षातून दोन-तीनदा घडी बदलायची, जिथे दुमड होती तिथे पुन्हा दुमड नको. ऑक्टोबरची उन्हं पडली की एक दिवस सावलीत, वाऱ्यावर टाक. एखादी रेशमी साडी अंगात विरली असेल पण काठ शाबूत असतील, तर ती फेकू नकोस. काठ सोडवून साध्या सुती ओढणीला लावू. काठ खऱ्या जरीचे असतील तर त्यात चांदी असते. अलीकडच्या बहुतेक साड्यांत टेस्टेड जर, म्हणजे आत तांब्याची तार. तिला मोडीत कुणी विचारत नाही. म्हणून आजेसासूबाईंच्या काळातली साडी असेल तर आधी मला दाखव आणि मगच काय ते ठरव.

मानपानाच्या साड्यांवरून तुझी खरी कुचंबणा होतेय, हे पत्राच्या सुरातच कळलं. सासूबाईंनी दिलेली, मामेसासूबाईंनी दिलेली, रंग डोळ्यांत जाणारे आणि पोत कडक. एकदा घडी मोड. त्यांच्यासमोर नेस, त्यांच्याच घरच्या सत्यनारायणाला नेस, फोटो ग्रुपवर टाक. त्यांचा मान राखला गेला. पुढे ती साडी कोण नेसतं याचा हिशेब कोणी ठेवत नाही, आणि ठेवलाच तर ‘अहो आई, वहिनीला फार आवडली म्हणून दिली’ एवढं म्हणायला जीभ जड होऊ नये. फक्त त्यांनी स्वतः नेसलेली, त्यांच्या अंगाची साडी दिली असेल तर ती आहेरात धरू नकोस. ती ठेव.

ओटीचे ब्लाऊजपीस एका पिशवीत असतील, पंचवीस-तीस तरी. त्यातले टू-बाय-टू रुबिया, खणाचे आणि चांगले सुती निवडून माझ्याकडे आण. खणाचे ब्लाऊज होतील, सुती अस्तराला लागतात. जे पारदर्शक, झिरझिरीत, ज्यांना कोणीच कधी शिवणार नाही, ते तू पुढच्या ओटीत देणार, ती बाई त्याच्या पुढच्या ओटीत देणार. हे चक्र तोडायची ताकद माझ्यात नाही. तू नव्याने ओटी भरशील तेव्हा तरी शिवता येईल असं कापड घे, कमी घे.

राहिली आजीची इरकल. तुझ्याकडे तिच्या नऊवारी किती आहेत ते लिहिलं नाहीस, ‘बऱ्याच’ एवढंच म्हटलंस. त्यातली जी तिच्या अंगावर तुला सगळ्यात जास्त आठवते ती तशीच ठेव, कात्री न लावता. बाकीच्यांतली एखादी तू नेसावीस असं मला वाटतं, कपाटात जपून तिला काय मिळणार आहे? नऊवारी सुमारे आठ मीटर भरते, सहावारीला साडेपाच पुरतात. उरलेल्या अडीच मीटरांत कुर्ता निघतो. कापायचं ते पदराच्या उलट टोकाने. इरकलीचा तांबडा रेशमी पदर अंगाच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, मागावरच फासे घालून जोडलेला असतो, तिथे घरी कात्री चालवू नकोस, कुणी कितीही व्हिडिओ दाखवू दे. उजेडासमोर धरून जी विरलेली दिसेल ती गोधडीच्या वरच्या बाजूला.

एका दिवसात सगळं होणार नाही. रोज एक खण काढ आणि त्या खणातलं जे जायचं ते त्याच आठवड्यात दाराबाहेर गेलं पाहिजे. नवऱ्याचे कपडे त्याला काढू दे, त्याच्या कॉलेजच्या टीशर्टांवरून भांडण नको.

उसवायचे ब्लाऊज आणि इरकल घेऊन घटस्थापनेच्या आत ये. प्रत्येक ब्लाऊजला तुझ्या नावाची चिठ्ठी टाचणीने लाव आणि अंगाला नीट होणारा एक ब्लाऊज मापाला आण. नवरात्र सुरू झालं की नऊ रंगांवाल्या बायका दुकानात उभं राहू देत नाहीत, तेव्हा आलीस तर दिवाळीनंतर मिळेल. आधीच सांगून ठेवते.

तुझी,
काकू