टीटी:120 साठी बचतीतले साडेचार हजार पौंड काढावेत का?

प्रश्न थोडक्यात असा : इंग्लंडमध्ये रेडिंगला नोकरी करणाऱ्या एका वाचकाकडे ओओ स्केलच्या (खऱ्या गाडीच्या 1:76 आकाराच्या) मॉडेल रेल्वेचा संग्रह आहे. विकला तर अडीच हजार पौंड येतील असा त्यांचा अंदाज. त्यात बचतीतले 4,500 घालून 7,000 पौंडांचा टीटी:120 चा, म्हणजे 1:120 या आणखी लहान स्केलचा, माल एकदम घ्यायचा त्यांचा विचार आहे. या स्केलचा बाजार वाढतोय, तेव्हा आजची इंजिनं उद्या महाग होतील, असं त्यांना वाटतं. बचत 9,400 पौंड, महिन्याचा खर्च 2,300. घरकर्जाच्या ठरलेल्या व्याजदराची मुदत अकरा महिन्यांनी संपते. पुढे पुण्याला परतायचं मनात आहे.

स्केल जरूर बदला, पण बचतीला हात लावू नका. आज तुमच्याकडे चार महिन्यांचा खर्च बाजूला आहे. 4,500 काढले तर जेमतेम दोन महिन्यांचा उरेल, आणि तोही नेमका कर्जाचा हप्ता बदलण्याच्या वर्षात.

आता किंमत वाढण्याबद्दल. स्केल वाढतं म्हणजे कंपनी तेच इंजिन नव्या रंगात, नव्या क्रमांकाने पुन्हा काढते आणि दुकानं सवलती देतात. नवा माल सवलतीत मिळत असताना वापरलेल्याला कोण जास्त देईल? भाव चढतो तो उत्पादन थांबल्यावर, आणि ते थांबलं तर स्केलच अडचणीत आलेलं असतं. म्हणून हा खर्च गुंतवणुकीच्या रकान्यात लिहू नका, छंदाच्या रकान्यात लिहा. छंद म्हणून तो पूर्ण योग्य आहे.

टीटी:120 चा मोठा गुण म्हणजे त्याचं गणित. 12 मिमी गेज (दोन रुळांमधलं अंतर) गुणिले 120 म्हणजे 1,440 मिमी. खरा रूळ 1,435 चा. ओओमध्ये गाडी 1:76 ची आणि रूळ 16.5 मिमीचा, म्हणजे गेज जवळजवळ 18 सेंटिमीटरने अरुंद. जागेचा फायदाही खरा आहे : 310 मिमी त्रिज्येचं वर्तुळ पाऊण मीटर रुंद बोर्डावर बसतं, ओओच्या 438 मिमीच्या वळणाला मीटरभर लागतो.

जोखीमही नीट पाहा. पेको आणि हॉर्नबी या ब्रिटिश कंपन्या 2022 मध्ये या स्केलमध्ये उतरल्या. पेकोचा भर रुळांवर आहे. ब्रिटिश इंजिनं आणि डबे मुख्यतः एकट्या हॉर्नबीकडून येतात. हेलियान या डॅनिश कंपनीने क्लास 31 हे डिझेल इंजिन जाहीर केलं आणि नंतर बेत सोडला. ब्रिटनमध्ये असं आधीही झालंय : ट्रायँग या ब्रिटिश कंपनीने 1957 मध्ये याच 12 मिमी रुळावर टीटी आणलं, पण ते 1:101.6 चं. पुढे कंपनीने ते सोडलं आणि 1965 पासून 3 मिमी सोसायटी या छंदिष्टांच्या संस्थेच्या सभासदांनी ते जगवलं. यावेळी एक आधार आहे. युरोपातलं 1:120 जर्मनीच्या टिलिग कंपनीमुळे भक्कम उभं आहे, त्यामुळे रूळ मिळत राहतील. अडतील ते ब्रिटिश गाड्यांचे सुटे भाग.

यावरून खरेदीचा क्रम ठरतो. रूळ साठवू नका, ते केव्हाही मिळतात. ज्या गाडीवाचून तुमचा आराखडा अडतो ती मात्र बॅच बाजारात असतानाच घ्या. पूर्वनोंदणी करायची तर माल निघताना पैसे कापणाऱ्या दुकानातच करा, कारण तारखा पुढे जातात. इंजिन क्रेडिट कार्डाने घ्या : एका वस्तूची किंमत 100 पौंडांच्या वर असेल तर 1974 च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम 75 खाली कार्ड कंपनीही जबाबदार ठरते. पाच स्वस्त वाघिणींची बेरीज शंभरावर गेली तरी हे कलम लागत नाही. हॅटन्ससारख्या मोठ्या दुकानाने 2024 मध्ये धंदा आवरला, तेव्हा ही काळजी फुकटची नाही.

ओओचं सगळं विकू नका. कंट्रोलर, बोर्डाखालच्या पॉइंट मोटर्स (गाडीचा मार्ग बदलणारे सांधे हलवणाऱ्या), वायर, गवत, रंग हे सगळं चालेल; 12 व्होल्ट डीसी तोच, डीसीसीचे (गाड्या डिजिटल पद्धतीने चालवण्याचे) संकेतही तेच. हे संकेत वाचणारे इंजिनातले डिकोडर मात्र बसणार नाहीत : टीटी:120 च्या बहुतेक इंजिनांत नेक्स्ट18 हा वेगळा, छोटा सॉकेट असतो, म्हणून जुने 8 आणि 21 पिनांचे डिकोडर इंजिनांसकट विका.

रूळ एकाच कंपनीचे घ्या. हॉर्नबीचा कोड 80 म्हणजे 0.080 इंच उंच, पेकोचा कोड 55 म्हणजे 0.055. सांध्यावर सहा दशांश मिलिमीटरची पायरी पडते आणि पुढचं चाक उडतं. जोडायचेच झाले तर फिशप्लेटचा (रूळ जोडणाऱ्या पट्टीचा) अर्धा भाग पक्कडीने चपटा करून त्यावर बुटका रूळ डाख देऊन जोडा, माथे एका पातळीत आणा, आणि खाली पुठ्ठ्याची पट्टी द्या.

विकताना इंजिनं सुटी विका, वाघिणी पाच-पाचच्या गठ्ठ्याने. खोके, चाकं साफ केल्याची खूण आणि चालतानाचा छोटा व्हिडिओ असला की भाव बरा येतो. त्याआधी इंजिनाची चौकट तपासा : माझॅक हा जस्ताचा मिश्रधातू फुगून तडे गेले असतील तर ते वर्णनात लिहा, नाहीतर माल परत येईल. वर्षाला तीस किंवा अधिक वस्तू विकल्या, किंवा रक्कम 2,000 युरोंवर गेली, तर विक्रीचं संकेतस्थळ एचएमआरसीला (ब्रिटनच्या करखात्याला) कळवतं. घरातली वापरलेली वस्तू 6,000 पौंडांहून कमीत विकली तर त्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. नफ्यासाठी इंजिनं घेऊन विकू लागलात तर तो धंदा होतो आणि हिशेब बदलतो.

पैशांची मांडणी अशी करा : विक्रीचे 2,500, अधिक पगारातून महिना 75, म्हणजे वर्षाला 3,400. एवढ्यात एक संच, बोर्ड, रूळ, पॉइंट, तीन-चार इंजिनं आणि दोन गाड्यांपुरते डबे बसतात. विक्री 1,800 वरच थांबली तर एखादं इंजिन पुढच्या वर्षावर टाका, बचतीतून भरून काढू नका.

पुण्यात जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, पण तिथलं काम एचओ (1:87) स्केलचं, म्हणून टीटी:120 चे सुटे भाग तिथल्या ओळखीतून मिळतील असं धरू नका. बाहेरून मागवले तर टपाल आणि सीमाशुल्क लागेल. निघण्यापूर्वी प्रत्येक इंजिनासाठी जादा कपलिंग (डबे जोडणारे आकडे) आणि मिळतील ते सुटे भाग घेऊन ठेवा, आणि बोर्ड सुरुवातीपासूनच 90 सेंटिमीटरच्या दोन तुकड्यांत बांधा.