सातबाराचा भागाकार आणि नावांचे इतर घोळ

प्रश्न : कापूस आणणाऱ्या शेतकऱ्यांची नोंद पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ठेवतो. एका कॉलमचं नाव ७/१२ आहे, आकडे इंग्रजी. एरर येत नाही, पण यादी काढली की प्रत्येकापुढे शून्य. डेटा उडाला का? (हिंगणघाट)

डेटा जागेवरच आहे. टेबल करताना नाव दुहेरी अवतरणात होतं म्हणून खपलं. क्वेरीत, म्हणजे यादी मागवणाऱ्या आज्ञेत, अवतरण द्यायचं राहून गेलं आणि त्या नावाचं गणित झालं : सात भागिले बारा. दोन्ही पूर्णांक, त्यामुळे पोस्टग्रेस अपूर्णांक सोडून देतो आणि उरतो शून्य. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ०.५८३३ दिसलं असतं, निदान शंका तरी आली असती. नावाची सुरुवात अक्षराने करा. पुढे अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर, बस. ऑल्टर टेबल या आज्ञेने कॉलमचं नाव बदला, आतल्या नोंदींना धक्का लागत नाही. नावात डॅशही नको, त्याची वजाबाकी होते.

प्रश्न : कॉलमची नावं सरळ मराठीतच दिली तर? (दारव्हा)

पोस्टग्रेस घेतो. पण नावाच्या लांबीची त्याची मर्यादा ६३ बाइटची (बाइट म्हणजे साठवणीचं माप) आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. ‘गट_क्रमांक’ एवढ्याशा नावाचे २८ झाले. ‘शेतकऱ्याच्या_बँक_खात्याचा_क्रमांक’ आणि ‘शेतकऱ्याच्या_बँक_खात्याचा_प्रकार’ ही दोन्ही नावं ‘खात्य’पाशीच छाटली जातात, आणि मग एकच कॉलम दोनदा दिल्याची तक्रार येते. त्याहून वाईट म्हणजे ‘ऱ’ दोन प्रकारे साठवता येतो : एकच चिन्ह, किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब). डोळ्याला फरक दिसत नाही, डेटाबेसला मात्र ती दोन वेगळी नावं. मराठी डेटात ठेवा, कॉलमची नावं रोमन लिपीत. माझं मत विचाराल तर इथे अभिमान बाजूला ठेवलेला बरा.

प्रश्न : संत्र्याच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर माझ्या विंडोज लॅपटॉपवर मस्त चालतं, लिनक्स सर्व्हरवर ‘टेबल नाही’ म्हणतं. डेटाबेस मायएसक्यूएल. (वरुड)

कुठेतरी टेबलाचं पहिलं अक्षर मोठं लिहिलंय, कुठेतरी लहान. विंडोजवर ते चालून जातं. लिनक्सवर मायएसक्यूएल मोठं-लहान वेगळं धरतो. यासाठी एक सेटिंग आहे, पण आवृत्ती ८ पासून ते सर्व्हर पहिल्यांदा उभा करतानाच ठरवावं लागतं. सगळी नावं लहान अक्षरांत करून टाका.

प्रश्न : ‘ऑर्डर’ नावाचं टेबल काही केल्या बनत नाही! (मूल)

अवतरणाशिवाय बनणार नाही, तो एसक्यूएलचा, म्हणजे डेटाबेसला आज्ञा द्यायच्या भाषेचा, राखीव शब्द आहे. ‘ग्रुप’चंही तेच. ‘धान_ऑर्डर’ असं काही ठेवा.