सीटी ‘नॉर्मल’, तरी डावी बाजू हरवलेली

आपल्या आई ताटाच्या डाव्या अर्ध्यातले अन्न तसेच ठेवतात, डावीकडून हाक मारली तरी उजवीकडे पाहतात आणि सीटी स्कॅन मात्र ‘नॉर्मल’ आहे, हे आपण लिहिलेले वाचून मला माझ्या वडिलांचे पक्षाघाताचे आजारपण जसेच्या तसे आठवले. मेंदूला इजा झाल्याने तो एका बाजूची दखलच घेत नाही, यालाच डॉक्टर ‘दुर्लक्ष’ म्हणतात. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हा केवळ घरच्या माणसाचा अनुभव समजावा.

आम्हाला सर्वांत महाग पडली ती चूक म्हणजे त्या ‘नॉर्मल’ शब्दावर विसंबून आम्ही वडिलांना घरी आणले. मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाल्यावर पहिल्या काही तासांत साध्या सीटीवर रक्तस्राव नाही एवढे कळते, पण ताजी इजा अनेकदा दिसत नाही. डिफ्युजन एमआरआयवर, म्हणजे ताजी इजा टिपणाऱ्या एमआरआयच्या प्रकारात, तीच इजा बहुधा पांढरी उठून दिसते, हे आम्हाला कोणीही सांगितले नाही. शिवाय तपासणीच्या चिठ्ठीवर ‘चक्कर, गोंधळ’ एवढेच लिहिले होते. घरी वडील आरशासमोर उभे राहून दाढी करीत, तेव्हा उजवा गाल गुळगुळीत होई आणि डाव्या गालावरचा फेस तसाच वाळून जाई. आम्ही तो नजरेचा दोष समजलो आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे खेपा घालत राहिलो. बाराव्या दिवशी एमआरआय झाला, तेव्हा मेंदूच्या उजव्या पॅरायटल लोबच्या (वरच्या-मागच्या भागाच्या) खालच्या बाजूस, टेम्पोरल लोबच्या (कानाजवळच्या भागाच्या) सीमेपर्यंत इजा दिसली.

रुग्ण नीट बोलतो म्हणून झटका सौम्य, हा समज मला घातक वाटतो. पक्षाघाताची तीव्रता मोजणाऱ्या एनआयएचएसएस या मापनातही ४२ पैकी ७ गुण भाषेशी निगडित आहेत, तर एका बाजूकडच्या अशा दुर्लक्षाला जेमतेम २.

अर्थात, इजा प्रत्येकाच्या बाबतीत तिथेच सापडेल असे नाही. मेंदूच्या आत खोलवर असलेले थॅलॅमस व बेसल गँग्लिया, पुढचा फ्रंटल लोब किंवा या भागांना जोडणारे तंतू दुखावले तरीही हेच घडू शकते. कधी इजा खोलवर आणि लहान असते, पण वरच्या कॉर्टेक्सला (मेंदूच्या बाहेरच्या थराला) रक्त कमी पडत असते, आणि ते परफ्युजन तपासणीत, म्हणजे रक्त कुठे किती पोचते हे पाहणाऱ्या स्कॅनमध्ये, कळते. नुसता अहवाल घेऊ नका, प्रतिमांची सीडीही मागून घ्या. आम्हाला ती मिळवायला नोंदणी कक्षात तीन अर्ज करावे लागले.

आईंना आजच न्यूरॉलॉजिस्टकडे (मेंदूविकारतज्ज्ञाकडे) न्या, कागदावरच्या आडव्या रेषेचा मध्य आई कुठे दाखवतात ते डॉक्टरांसमोरच करून घ्या (दुर्लक्ष असेल तर तो बहुधा उजवीकडे सरकतो), आणि एमआरआयच्या चिठ्ठीवर ‘डाव्या बाजूकडे दुर्लक्ष’ हे शब्द लिहिल्याशिवाय तिथून उठू नका.