कामावर परत जातेस? मग आधी एवढंच कर

अगं, पहिल्याच आठवड्यात सगळं जमवायला जाऊ नकोस. मी गेले आणि तिसऱ्या दिवशी तापाने पडले.

- आधी पाण्याचा वार बघ. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. त्या दिवशी दुसरं काही ठरवायचंच नाही.
- कडक भाकरी आणि शेंगा चटणी घरात कायम हवी. भाकरी आमटीत कुस्करली की मुलं मुकाट खातात (माझी तरी), रात्रीचा स्वयंपाक वाचतो.
- नवी पेठेत मुलाला घेऊन खरेदी नको. मे महिन्यात दुपारी तर नाहीच, पारा ४० च्या वर असतो.
- जानेवारीत गड्ड्यावर (सिद्धेश्वराच्या जत्रेत) जाताना मुलाच्या खिशात तुझा नंबर लिहिलेली चिठ्ठी.

आणि नवऱ्याला ‘जरा मदत कर’ म्हणू नकोस. सकाळचा डबा त्याचा, म्हणजे त्याचाच. पहिले दोन-चार सांडतील, सांडू देत.