गोरेवाड्याचे वाघ, कोंबडीचे मांस आणि लसीचा प्रश्न

नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. त्या बातमीवरून आपण विचारले आहे की पक्ष्यांचा आजार वाघाला होतोच कसा, मांस शिजवून का देत नाहीत, इतक्या मोलाच्या जनावरांना लस का टोचत नाहीत, आणि आपल्या घरच्या मांजराला यातून काही धोका आहे का. मी बावीस वर्षे वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्रांत पशुवैद्यकांचा सहायक म्हणून काम केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की पहिला प्रश्न नीट कळला, तर बाकीच्यांची उत्तरे बरीचशी त्यातच सापडतात.

बर्ड फ्लूचा एच५एन१ हा विषाणू पेशीवरील ज्या रेणूला चिकटून आत शिरतो, तो रेणू पक्ष्यांच्या शरीरात सर्वत्र असतो आणि मांजरकुळातील प्राण्यांच्या फुप्फुसांतही खोलवर असतो. वाघ बाधित पक्ष्याच्या जवळ गेला नाही, तरी पक्षीच कच्च्या मांसाच्या रूपाने त्याच्यापुढे येतो. बाधित कोंबडीच्या स्नायूंत, रक्तात आणि आतड्यांत विषाणू असतो, आणि लक्षणे ठळक दिसण्यापूर्वीच ती कापली गेली, तर विकणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला नुसत्या डोळ्यांनी काहीही कळत नाही. अनेकांचा असा समज असतो की मांस चार दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवले म्हणजे ते निर्धोक होते. काही जंतांच्या बाबतीत ते खरे आहे, पण हा विषाणू गोठवल्याने मरत नाही, उलट टिकून राहतो. तो मरतो उष्णतेने. मांसाच्या आतल्या भागापर्यंत ७० अंश सेल्सिअस पोहोचले पाहिजे.

कच्च्या कोंबडीची ही वाट जगाला नवी नाही. थायलंडमध्ये चोनबुरी प्रांतातील श्रीराचा येथील व्याघ्र उद्यानात ऑक्टोबर २००४ मध्ये ४४१ वाघ होते. त्यांना कोंबड्यांचे कच्चे मांस आणि सांगाडे दिले जात होते. साथ आटोक्यात येईपर्यंत १४७ वाघ गेले. त्यांतील काही आजाराने मेले आणि उरलेल्यांना संसर्ग थांबवण्यासाठी मरण द्यावे लागले. माणसांना फ्लूवर देतात ते ऑसेल्टामिविरही तेथे देऊन पाहिले, पण त्याने साथ थांबली नाही. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट: कोंबडी बंद केल्यानंतरही नवे वाघ आजारी पडत राहिले, त्यामुळे संसर्ग वाघाकडून वाघाकडेही जात असावा असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. म्हणजे आजार मांसाबरोबर आत येतो, पण एकदा आत आला की मांस बदलणे पुरत नाही. पिंजरे, माणसे आणि भांडी वेगळी करावी लागतात. इतका जुना धडा समोर असताना २०२४ मध्ये दक्षिण व्हिएतनाममधील दोन ठिकाणी मिळून ४७ वाघ याच विषाणूने मेले. हा आकडा वाचून मला आजही वाईट वाटते.

मांस शिजवून देण्याची आपली सूचना योग्य आहे, पण तिच्यात दोन अडचणी आहेत. शिजवलेल्या हाडाच्या टोकदार चिरफळ्या होतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुततात, म्हणून ते मांस हाडांविना द्यावे लागते. दुसरे असे की टॉरिन हे मांजरकुळाला अत्यावश्यक असलेले द्रव्य उकळताना पाण्यात उतरते, त्यामुळे ते पाणी फेकून न देता मांसाबरोबरच द्यावे लागते. शिवाय कित्येक वाघ शिजवलेल्या मांसाला तोंडच लावत नाहीत. माझे स्पष्ट मत असे आहे की ज्या काळात परिसरात बर्ड फ्लूची शंका असेल, त्या काळात कोंबडी पूर्ण बंद करावी आणि तपासणी झालेले म्हशीचे मांस द्यावे. कोंबडी स्वस्त पडते, रोज मिळते आणि आजारी जनावर ती आवडीने खाते, हे मला माहीत आहे, तरीही.

आता लसीविषयी. बर्ड फ्लूपासून वाघांचे रक्षण करणारी, सिद्ध झालेली आणि बाजारात मिळणारी लस आज नाही. इतर विषाणूंवर आहेत, पण त्याही डोळे मिटून टोचण्यासारख्या नाहीत. सप्टेंबर २०१८ मध्ये गीरच्या दलखाणिया परिक्षेत्रात काही आठवड्यांत २३ सिंह मेले आणि त्यांतील काहींमध्ये कॅनाइन डिस्टेंपर या मुख्यतः कुत्र्यांना होणाऱ्या आजाराचा विषाणू असल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या तपासणीत आढळले. तेव्हा पकडून वेगळ्या ठेवलेल्या सिंहांसाठी अमेरिकेतून त्यावरील लशीच्या ३०० मात्रा मागवल्या गेल्या. कुत्र्यांची लस गावोगावी मिळत असताना हा खटाटोप का, असे तेव्हाही अनेकांनी विचारले होते. कुत्र्यांच्या नेहमीच्या लशीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो, आणि कुत्र्यासाठी दुबळा असलेला विषाणू दुसऱ्या जातीच्या प्राण्यात खरा आजार निर्माण करू शकतो. काही दुर्मीळ प्राणी असे दगावलेले आहेत. म्हणून ज्या लशीत डिस्टेंपरचा अख्खा विषाणू नसतो, अशीच लस निवडावी लागते.

लस दिली म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. बंगळूरूच्या बन्नेरघट्टा उद्यानात ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२३ मध्ये बिबट्यांची सात पिल्ले पॅनल्युकोपेनियाने, म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशी संपवणाऱ्या मांजरकुळाच्या विषाणूजन्य आजाराने, गेली, आणि त्यांचे लसीकरण झालेले होते. पिल्लाला आईच्या दुधातून मिळालेली प्रतिपिंडे काही आठवडे लशीला निष्प्रभ करतात. ती ओसरल्यानंतर आणि लशीचा जोर येण्यापूर्वी जे दिवस जातात, त्यांत पिल्लू उघडे पडते.

हा आजार मी अगदी जवळून पाहिला आहे. उसाच्या फडात सापडलेले तीनएक महिन्यांचे बिबट्याचे पिल्लू आमच्याकडे आणले होते. पाचव्या दिवशी सकाळी ते पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसलेले दिसले. हनुवटी पाण्याला टेकलेली होती, तहान स्पष्ट दिसत होती, पण जीभ बाहेर येत नव्हती. रक्त तपासले तेव्हा पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या, आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी ते गेले. मागे वळून पाहिले तेव्हा कळले की त्याच आठवड्यात कोणीतरी भटक्या मांजराची आजारी पिल्ले केंद्रात ठेवून घेतली होती आणि दोन्हीकडे एकच झाडू आणि एकच बादली फिरत होती. हा विषाणू फरशीच्या भेगेत वर्षभरही तग धरतो. स्पिरिटने तो मरत नाही. पातळ केलेल्या ब्लीचने मरतो, तेही आधी घाण धुऊन काढली तरच. आणि सवयीने ओतल्या जाणाऱ्या फिनाईलमधील फिनॉल मांजरकुळातील प्राण्यांचे यकृत निकामी करू शकते, हे आजही पुष्कळ ठिकाणी सफाई करणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते. त्या पिल्लानंतर आम्ही प्रत्येक पिंजऱ्याच्या बादलीला वेगळ्या रंगाची पट्टी लावली. लस मागवण्याआधी हे करायला हवे होते.

मोठ्या जनावराचा आजार पहिल्यांदा कळतो तो वाढलेले मांस तसेच राहिल्यावर. बहुतेक प्राणिसंग्रहालयांत मांसाहारी प्राण्यांना आठवड्यातून एक दिवस उपास असतो, आणि वाघ त्याच दिवशी आजारी पडला, तर एक पूर्ण दिवस कोणाच्या लक्षात येत नाही. बर्ड फ्लूमध्ये लक्षणे दिसल्यापासून दोन-तीन दिवसांतही मृत्यू येतो, त्यामुळे तो एक दिवस फार मोठा असतो. बरे, श्वास लागलेल्या वाघाला नमुना घेण्यासाठी भूल द्यावी, तर भुलीतच त्याचा जीव जाण्याची भीती. नमुना मिळाला, तरी तो बर्फात घालून भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. गोरेवाड्याचा अहवाल तेथूनच आला, आणि तोपर्यंत जनावरे गेलेली होती. म्हणून उपासाच्या दिवशीही रक्षकाने पिंजऱ्यापुढे दहा मिनिटे उभे राहून वाघाचा श्वास मोजावा, असा माझा आग्रह असे.

आपल्या मांजराविषयी सांगायचे तर धोका खरा आहे, पण तो टाळणे आपल्या हातात आहे. नागपूरजवळच्या, मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात २०२५ च्या सुरुवातीला पाळीव मांजरांमध्येही हाच विषाणू आढळला. मांजराला कच्ची कोंबडी, तिची आतडी किंवा काळीज देऊ नका; पूर्ण शिजवलेले, हाडे काढलेले तुकडे त्या पाण्यासह द्या. मेलेले पाखरू तोंडात धरून ते घरी आले, तर हातात पिशवी घालून ते काढून घ्या आणि हात साबणाने धुवा. त्यानंतर त्याने खाणे सोडले किंवा त्याचा श्वास जोराने चालू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि पाखराची गोष्ट त्यांना आधी सांगा, म्हणजे तपासताना तेही मास्क लावतील.