लांडग्याआधी कुत्रा बघ

प्रिय,

तुझा प्रस्ताव वाचला. इथिओपियन लांडग्यावरच काम करायचं म्हणतेस, जरूर कर. जगात त्याचे पूर्ण वाढलेले प्राणी जेमतेम पाचशे उरलेत, त्यातले निम्म्याहून जास्त इथिओपियातल्या एकट्या बाले पर्वतात. पण पहिली चार पानं त्याच्या तांबूस कातडीवर आणि लांब पायांवर घालवलीस, ती काढून टाक.

तिथलं सॅनेट्टीचं पठार 4000 मीटरवर. दिवसा ऊन चटके देतं, रात्री पाणी गोठतं. घुशीएवढा मोल रॅट, म्हणजे बिळात राहणारा उंदराच्या जातीचा प्राणी, लांडग्याचं मुख्य खाणं, तिथे बिळातून अर्धं अंग बाहेर काढून गवत आत ओढत असतो. लांडगा पोट जमिनीला टेकवून सरकतो, थिजतो, पुन्हा सरकतो. राहतो कळपात, शिकार मात्र एकट्याची. म्हणजे सगळा डोलारा गवतावर, आणि गवत मोडून सातू पेरला जातोय. त्या देशात 3200 मीटरच्या वरची सुमारे 60 टक्के जमीन शेतीखाली गेलीय. हवा तापतेय म्हणून वर सरकावं, तर तुल्लू दिमतूचं 4377 मीटरचं शिखर संपलं की आभाळच.

आता कुत्र्याकडे ये. तरस-बिबट्यापासून गुरं राखायला गुराखी कुत्री पाळतात, त्यात त्यांचं काही चुकत नाही. सासवडच्या माळावर धनगराच्या कुत्र्याने आपल्याला तासभर झाडाखाली खिळवून ठेवलं होतं, आठवतंय ना? तसंच. पण एक कुत्रं पिसाळलं की रेबीज लांडग्यांत शिरतो. 1991-92, 2003, 2008-09, 2014 अशा साथी येतच राहिल्या. साथ पसरली त्या कळपांतले चारांतले तीन लांडगे मेल्याच्याही नोंदी आहेत. वर कुत्र्यांकडूनच येणारा डिस्टेंपर हा विषाणूचा रोग आहेच. 2018पासून बोकडाच्या मांसात रेबीजची लस घालून ती रात्री लांडग्यांच्या वाटेवर टाकतात. काम चिकाटीचं, फोटोत मात्र काहीच दिसत नाही.

गावकऱ्यांना खलनायक करू नकोस. इथिओपियातच मेन्झ भागातल्या ग्वासा या उंचावरच्या कुरणात लोकांनी शेकडो वर्षं स्वतःच चराईबंदी पाळली. छपराचं गवत वाढावं म्हणून कुरण काही वर्षं बंद, मग ठरवून उघडायचं. 1975च्या जमीन सुधारणेत ती व्यवस्था मोडली, नंतर नव्या रूपात उभी राहिली. तिथे आजही लांडगा आहे. माझ्या मते तुझ्या प्रस्तावातलं सगळ्यात दमदार प्रकरण हेच होईल, आणि तू त्याला तळटीप दिलीयस!

तू अम्हारिक शिकतेयस, चांगलं आहे. पण बालेत ओरोमो लोक राहतात, तेव्हा आधी त्यांची भाषा, अफान ओरोमो, घे. ते या लांडग्याला घोड्याचा कोल्हा म्हणतात, कारण व्यायला आलेल्या घोडीमागे, गाईमागे तो वारेच्या आशेने फिरतो. पहिल्या मुक्कामात लांडगा नाही दिसला तरी चालेल. किती घरांत कुत्री, लस कधी टोचली, रात्री बांधतात की मोकळी सोडतात, एवढं वहीत लिहून आण. आणि थर्मल दोन जोड घे, एकाने भागत नाही.

तुझा,
सर